फाटकाशी हलणारी शेपूट

पहिला महिना, विसावी तिथी

विन्ह,

आपण कुत्र्याचं पिल्लू आणतो आहोत. एवढंच कळवायचं होतं.

तुझा पत्ता मी मागितला नव्हता. साउ काकांचा पुतण्या इंजिनाचं सामान आणायला सायगॉनला गेला होता. त्याला तू एका बर्फाच्या कारखान्याच्या दारात दिसलास आणि त्याने बेटावर पाय ठेवताच आपणहून सांगून टाकलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. पत्ता हातात आला म्हणून लिहिते आहे, दुसरं काही नाही.

साउ काकांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. चार गेली, एक उरलं. काळं कुळकुळीत, दोन्ही डोळ्यांवर एकेक पिवळा टिपका, आणि मागच्या पायांना एकेक नखी जास्तीची. काका म्हणाले, “वहिनी, हे चार डोळ्यांचं आहे. खालच्या डोळ्यांनी चोर बघतं, वरच्या डोळ्यांनी बाकीचे.”

“बाकीच्यांना आमच्याकडे काय मिळणार? लसूण?”

“घरात दोघी बायकाच. भुंकायला कोणीतरी हवं.”

“मी आहे की.”

“तुमचं भुंकणं ऐकून गेलेलं माणूस परत फिरकत नाही, वहिनी.”

काकांची जीभ तुला ठाऊक आहे. मी पिल्लू घेते म्हणाले आणि उठले.

तेव्हापासून तुझी वहिनी लिएन कामाला लागली आहे. कुंपणाची भोकं दगडांनी बुजवली. सुकी मासळी हातभर वर टांगली. चपला फळीवर गेल्या. लसूण वाळवायच्या खोलीतला कोपरा सारवून तिथे मासळीची जुनी टोपली ठेवली, तळाशी पेंढा. थुआनशी लग्न झाल्यापासून पाच वर्षं जी तयारी करायची तिने वाट पाहिली, ती शेवटी कुत्र्यासाठी करायला मिळाली.

तुझी तब्येत बरी असेल.

आई

पहिला महिना, अठ्ठाविसावी तिथी

विन्ह,

पिल्लू आलं. परतीची वाट कळू नये म्हणून झाकल्या टोपलीतून आणलं, तर पठ्ठ्याने वाटेतच साउ काकांच्या मांडीवर कार्यक्रम उरकला. काकांची नवी विजार होती. मला बरं वाटलं.

रीत सगळी केली. लिएनने त्याचे पुढचे पाय धरून चुलीच्या तीन दगडांना नमस्कार करवला. काकांनी पेंढ्याची काडी घेऊन शेपूट मोजली, तेवढीच तोडली आणि लसणाच्या खळ्यामागे मातीत खोचली, म्हणजे ते तिथेच जाऊन घाण करेल. दुसऱ्या सकाळी पिल्लाने ती काडी उपटून आणली, माझ्या पायाशी ठेवली आणि तिथेच बसलं. काका म्हणतात काडी लांब झाली असेल. मी म्हणते काकांची नजर गेली आहे.

काळं म्हणून नाव मुक, म्हणजे शाई. माशांच्या काट्यांचं पाणी घातलेला भात खातो. दोन रात्री आईच्या आठवणीने इतका रडला की लिएनही रडायला लागली, आणि मला दोघांना ओरडावं लागलं. मग आठवलं, घरच्या मालकाचा अंगातला शर्ट टोपलीत घालायचा राहिला होता. पिल्लाला घरचा वास एकदा कळला की ते त्या माणसाचं होतं आणि त्याच्यावर कधी भुंकत नाही.

मी पेटीतून थुआनचा निळा शर्ट काढला. लिएन अंगणातून धावत आली.

“आई, मेलेल्या माणसाचा शर्ट पिल्लाखाली घालता?”

“घराचा मालक तोच.”

“मालक दहाव्या महिन्यात मातीत ठेवून आलो आपण.”

“मातीत मातीच ठेवली,” मी म्हटलं.

तू नव्हतास म्हणून सांगते. थुआन समुद्रात सापडला नाही, तेव्हा आपल्या बेटावर करतात तसंच केलं. तुतीच्या काटक्यांची हाडं, डोंगरावरच्या मातीचं मांस, वर त्याचे कपडे. गुरुजींनी समुद्राकडे तोंड करून त्याला हाका मारल्या, बाहुलं शवपेटीत निजवलं आणि वाऱ्याची कबर बांधली. चांगली झाली आहे. धाकट्या भावाने मूठभर माती टाकायची असते, ती साउ काकांनी टाकली.

शर्टात तोंड खुपसून मुक गाढ झोपला.

आई

दुसरा महिना, अकरावी तिथी

विन्ह,

तू उत्तर देत नाहीस. देऊ नकोस. मुकचं ऐक.

आता तो लिएनच्या मागे शेतात जातो आणि लसणाची पात उपटतो. माझी डाव्या पायाची चप्पल खाल्ली, उजवीला हात लावला नाही. साउ काका आले की कुंपणापासून भुंकतो, टपालवाल्यावर भुंकतो, स्वतःच्या सावलीवरही भुंकतो. पण गेले आठ दिवस एक वेगळंच चाललं आहे.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की आम्ही आडव्या होतो. मुकही पायरीवर झोपलेला असतो. बरोबर सावली पायाखाली येते तेव्हा तो डोकं वर करतो, उठतो आणि फाटकाकडे पळत जातो. भुंकत नाही. कमरेपासून सगळा हलतो, शेपूट तुटेल की काय असं वाटतं. मग वाळूत उताणा पडून पोट वर करतो. पोट कोणीतरी खाजवत असल्यासारखा मागचा पाय हवेत झाडतो.

फाटकाशी कोणी नसतं. मी जाऊन पाहिलं. रस्ता रिकामा, कावळासुद्धा नाही.

लिएनने पाहिलं तेव्हा तिने माझा हात धरला. “आई, हे आले आहेत,” ती म्हणाली.

मला भीती वाटली नाही. आपल्या लेकराची कोणाला भीती वाटते? शर्टाच्या वासावरून मुकने मालक ओळखला, एवढंच मी समजले. काल मी फाटकाशी भाताचा वाडगा ठेवला, त्यात जेवायच्या दोन काड्या मेल्यासाठी खोचतात तशा उभ्या खोचल्या, तीन उदबत्त्या लावल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

आई

दुसरा महिना, पंचविसावी तिथी

विन्ह,

रोज भात ठेवते. थुआनला आवडतो म्हणून वर तळलेला मासा. मुकसारखा अधाशी कुत्रा, पण त्या वाडग्याला तोंड लावत नाही. बाजूला बसून राहतो, घरातलं मोठं माणूस जेवत असताना बसावं तसा. संध्याकाळी तो भात मी कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी हुंगला आणि निघून गेल्या.

थुआन आता फाटकाच्या आत येतो. मुकवरून कळतं. आधी मुक फाटकाशी लोळायचा, मग अंगणाच्या मध्यावर, परवापासून रांजणापाशी. जिथे लोळतो तिथली वाळू भर दुपारी गार असते. इतकी गार की तळवा ठेवला तर दुखतो. आणि त्या जागी भाताचं तूस पडलेलं असतं. थोडंसंच, चिमूटभर. आपल्या बेटावर लसणाशिवाय काही पिकत नाही, तांदूळ होडीतून तूस काढूनच येतो. मग तूस कुठून येतं?

साउ काकांना विचारलं. त्यांनी तूस बोटांवर चोळून पाहिलं.

“वहिनी, थुआनला कबर बांधून दिली ना?”

“तुम्हीच माती टाकलीत.”

“मग तो कशाला भटकेल? ज्याला घर मिळालं तो शेजाऱ्याच्या ओट्यावर झोपत नाही.”

“हा काय शेजाऱ्याचा ओटा आहे? आईचं घर आहे.”

काकांनी तूस झटकून टाकलं. जाताना मुकला पायाने ढकललं, तर मुक त्यांना चावला.

आई

तिसरा महिना, सातवी तिथी

विन्ह,

हे पत्र उघड. बाकीची नाही उघडलीस तरी चालेल.

आज लिएनने मुकची टोपली धुवायला काढली. पिसवा झाल्या होत्या. शर्ट झटकून दोरीवर टाकायला गेली आणि तिथेच थांबली. डाव्या कोपराला ठिगळ होतं. तिने एकाच ताग्यातून दोघा भावांना दोन शर्ट शिवले होते आणि कोपर फाटलं होतं ते तुझं. थुआनचा शर्ट तिने स्वतःच्या हाताने मातीच्या बाहुल्याला घातला होता, पण त्या दिवशी तिच्याही ध्यानात आलं नाही.

“आई, हा भाऊजींचा आहे,” ती म्हणाली.

पेटीत हात घालताना मी पाहिलंही नव्हतं. माझ्या मनात त्या पेटीत सगळं थुआनचंच होतं. तुझं काही मागे राहिलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यात माझं काय दिसतं ते मला कळतं, तू सांगू नकोस.

मी साउ काकांकडे अनवाणी गेले. काकांनी हातातली जाळ्याची गाठ आवळली आणि जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, “जिवंत माणसाचाही आत्मा बाहेर निघतो, वहिनी. समुद्रात तीन दिवस तरंगला विन्ह. शरीर होडीवाल्यांनी काढलं. बाकीचं भिजलेलं पाखरू, कुठेतरी बसायला जागा शोधणारच. तिकडे शरीर झोपलं की ते घरी येतं.”

“फाटकाशीच का थांबायचं मग?”

“ते तुम्हाला माहीत.”

मला माहीत आहे. दहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू त्या फाटकाशी उभा होतास. अंगात परक्या खलाशाचे कपडे, ओठ मिठाने फाटलेले. तू म्हणालास, “आई, दादाचा हात माझ्या हातात होता. मला झोप लागली. जाग आली तेव्हा हात रिकामा होता.” आणि मी म्हणाले, “मग तू कशाला आलास?”

तू आत पाऊल टाकलं नाहीस. पाणीसुद्धा न पिता वळलास. मी हाक मारली नाही.

तुझा पत्ता मी साउ काकांच्या पुतण्याकडे तीनदा जाऊन मागितला होता. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

तू बरा आहेस का? एक ओळ लिही. दोन शब्द लिही. काका अजूनही काही बोलले, पण म्हाताऱ्या माणसाचं किती मनावर घ्यायचं.

आई

तिसरा महिना, पंधरावी तिथी

माझ्या विन्हा,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. साउ काका उद्याच्या होडीने निघताहेत. ते तुझ्यासमोर बसून वाचून दाखवतील. त्यांना मध्ये थांबवू नकोस, वाईट शब्द आला तर त्यांना आवडतोच.

परवा तुझ्याबरोबर काम करणाऱ्या क्वीचं पत्र आलं. माझी पत्रं तुझ्या उशीखाली न उघडता पडली आहेत, पाकिटावरून त्याने पत्ता घेतला. त्याने लिहिलं आहे की दुपारच्या सुटीत तू बर्फाच्या कोठीत, बर्फ झाकायच्या तुसाच्या ढिगावर झोपतोस. दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं झोपायचास, मग तास, आता दिवे लागेपर्यंत उठत नाहीस. हलवलं, पाणी मारलं तरी नाही. जेवत नाहीस. “आईकडे जेवलो,” म्हणतोस. हाडं मोजता येतात, आणि तोंडाला उदबत्तीचा वास येतो. झोपेत हसतोस आणि “मुक, मुक” करतोस. त्याने विचारलं आहे, “मावशी, हा मुक कोण?”

मी ते पत्र हातात धरून चुलीपाशी बसले. जिवंत लेकराला मी महिनाभर मेल्याचा भात वाढत होते, विन्ह. काड्या उभ्या खोचून. स्वतःच्या हाताने.

आणि याहून वाईट सांगते. साउ काका सातव्या तिथीलाच सगळं बोलले होते. “तो उंबऱ्यापर्यंत आला असेल तर घाई करा. उंबरा ओलांडून स्वतःच्या बाजेवर निजला की तिकडे शरीर उठायचं नाही. भात बंद करा. हाकला त्याला. गोड बोलून जाणार नाही, आईने हाकलावं लागतं.” मी घरी आले आणि हाकललं नाही. सहा दिवस. भात ठेवला नाही, पण हाकललंही नाही. मुक पायरीपर्यंत यायचा, माझ्या शेजारी त्याची शेपूट हलायची आणि पायरीवरच्या त्या गार जागेशी मी बसून राहायचे. तुझ्याशी बोलायचे. जे तुला लिहिता आलं नाही ते सगळं बोलले. काका चुकत असतील, असं मनाला सांगत होते. खरं म्हणजे तू घरी आला होतास आणि मला तुला पाठवायचं नव्हतं. सहाव्या दिवशी मुकने पुढचे दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत ठेवले आणि तुझ्या बाजेकडे पाहून कान टवकारले. त्याच संध्याकाळी क्वीचं पत्र आलं.

म्हणून काल दुपारी हाकललं.

लिएनने तुझा शर्ट मीठ आणि लिंबाच्या पाल्याच्या पाण्यात उकळला, टोपली जाळली, मुकला त्याच पाण्याने आंघोळ घातली. तुझ्या घामाचा वास त्याच्या जवळ कुठे राहू दिला नाही. मग मी झाडू आणि मिठाचं भांडं घेऊन पायरीवर उभी राहिले. सावली पायाखाली आली. मुक उठला, नाक वर केलं, आणि घुटमळला. शेपूट हलली, थांबली, पुन्हा हलली. त्याला वास लागत नव्हता, पण वरच्या डोळ्यांना तू दिसत होतास.

मी मीठ फेकलं. ओरडले. “नीघ! या घरात तुझं काही नाही. तुझी बाज मोडली, तुझं ताट दिलं. कशाला आलास?” शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. मुक लोळण घ्यायला गेला तर मी त्याला झाडूने मारलं. पहिल्यांदाच मारलं. तो केकाटला, माझ्याकडे पाहिलं, आणि मग तोंड वळवून रिकाम्या पायरीवर भुंकला. एकदा. मग थांबेचना. भुंकत भुंकत रांजणापर्यंत, अंगणाच्या मध्यापर्यंत, फाटकापर्यंत, अंगावरचे सगळे केस उभे. मी त्याच्या मागे झाडू आपटत, शिव्या देत. फाटकाशी तो बराच वेळ भुंकला, म्हणजे तू बराच वेळ उभा होतास. मी तरीही थांबले नाही. मग तो गप्प झाला आणि फाटकाशी वाळू हाताला चटका लागण्याइतकी तापली होती.

मी तिथेच बसले. लिएनने मला उठवून आत नेलं.

तुझी बाज मोडलेली नाही. ताट फडताळात आहे. काल जे बोलले ते सगळं खोटं होतं. दहाव्या महिन्यात जे बोलले ते खोटं नव्हतं, त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं, एका क्षणापुरतं, आणि तो क्षण मी तुझ्या तोंडावर फेकला. यासाठी मला क्षमा कर. झोप लागली त्यात तुझा दोष नाही. तीन दिवस पाण्यात कोण जागं राहतं?

सोळावी, सकाळी

काका निघायच्या आत तार आली. क्वीने एवढंच लिहिलं आहे: विन्ह जागा. भात खाल्ला. रडतो.

लिएनने तार तीनदा वाचली. मी रडले नाही, मुकला दोन मासे जास्त घातले. माराचा राग त्याच्या मनात नाही. कुत्र्याचं बरं असतं.

तू का रडतोस ते मला माहीत आहे. ऐकलंस तू सगळं. म्हणूनच काकांना पाठवते आहे, टपालाची वाट पाहत बसले तर तू तेवढे दिवस ते खरं मानशील.

आज दुपारी फाटकाशी कोणी येणार नाही. मला करमणार नाही, पण ते माझं मी बघेन. तू आता झोपेत येऊ नकोस. दुपारचा झोपूच नकोस. काकांबरोबर होडीत बस, पाण्याकडे पाहू नकोस, त्यांच्या बकबकीकडे लक्ष दे, आणि आपल्या पायांनी चालत ये.

एक आधीच सांगते. तू आलास की मुक तुझ्यावर भुंकेल. परक्यावर भुंकावं तसा, दात दाखवून. ते मी करून ठेवलं आहे. त्याला तुझी ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागेल, आणि तू चपला फळीवर ठेवायला शीक. तो भुंकला म्हणून फाटकातून माघारी फिरू नकोस. मला आता पायरी उतरायला वेळ लागतो. मी येईपर्यंत थांब.

तुझी आई